उजवी बाजू अज्ञात

आमच्या शहरात भाड्याची खोली पाहायला येणारा माणूस पहिला प्रश्न नळाचा विचारतो: पाणी किती दिवसांनी येते? आमच्या भाडेकरूंनी तो विचारला नाही. दारात उभे राहून त्यांनी चारही भिंती नजरेखालून घातल्या आणि म्हणाले, "साहेब, भिंती राखाडी रंगवून घेतल्या तर चालेल का? खर्च माझा."

मी दिवाणी न्यायाधीश म्हणून निवृत्त झालो आहे. विचित्र अर्ज ऐकण्याची मला सवय आहे. कारण विचारले. ते म्हणाले, रंगीत भिंतीचा रंग डोळ्यात उतरतो आणि मग दुसरा कोणताही रंग खरा दिसत नाही. कारण समाधानकारक वाटले. मी परवानगी दिली. माझ्या पत्नीला ती पटली नाही. पुंडलिकनगरात एवढे मोकळे, उजेडाचे घर बांधून त्यातली वरची खोली कोणी कोठडीसारखी करावी, हे तिला खपत नव्हते. तिने त्यांना तसे स्पष्ट सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "कोठडीला चुना मारतात, वहिनी. हा राखाडी आहे. हा कुणाच्या बाजूचा नसतो."

वाळूजच्या एका मोठ्या कारखान्यात गाड्यांच्या रंगकामाच्या विभागात त्यांचे आयुष्य गेले होते. काम रंग जुळवण्याचे. एका दिवशी रंगवलेला दरवाजा आणि दुसऱ्या दिवशी रंगवलेले बॉनेट शेजारी ठेवले, तर ते एकाच गाडीचे दिसले पाहिजेत. ते पाहण्यासाठी ते राखाडी सदरा घालत, कारण माणसाने लाल सदरा घातला की त्याची लाली पांढऱ्या पत्र्यावर पडते. निवृत्तीनंतरही सदरे राखाडीच राहिले. त्यांच्या पत्नी पूर्वीच वारल्या होत्या, मूलबाळ नव्हते. दिवाळीत माझ्या पत्नीने फराळाच्या ताटावर रंगीत भरतकामाचा रुमाल घालून पाठवला, तेव्हा ताट ठेवून घेऊन रुमाल त्यांनी त्याच पावली, नीट घडी करून, खाली परत केला. तो तिला अपमान वाटला. मला ती शिस्त वाटली. या बाबतीत आमच्या घरात अद्याप एकमत नाही.

खोलीत एक पलंग, एक स्टोव्ह, रंगाच्या कार्डांचे गठ्ठे आणि एक मोठा संगणक होता. संगणकावर विमान चालवण्याचा एक प्रकार असतो. बाहेरचे लोक त्याला खेळ म्हणतात, करणारे म्हणत नाहीत. त्यात जगातील बहुतेक धावपट्ट्या असतात, ढग असतात, वारा असतो. विमानेही असतात, पण त्यांच्या अंगावरचा रंग बदलता येतो. कोणत्या कंपनीचे विमान कोणत्या वर्षी कसे रंगवलेले होते, हे शोधून तसा रंग चढवणारे काही हौशी लोक देशोदेशी आहेत. ते आपली विमाने एका सामाईक जागी ठेवतात आणि ज्याला हवे तो ती आपल्या संगणकात उतरवून घेतो. आमचे भाडेकरू त्यांपैकी एक होते.

काम कसे चालते ते त्यांनी मला एकदा दाखवले. पडद्यावर विमानाची कातडी सोलून, चादरीसारखी सपाट पसरलेली होती. एकीकडे पोट, एकीकडे पंख, धडाची डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी. या चादरीवर रंगवायचे. ती मग आपोआप विमानावर चढते. बहुतेक लोक डावी बाजू रंगवतात आणि तीच उलटी करून उजवीकडे लावतात. याला ते आरशातली चोरी म्हणत.

त्यांची स्वतःची विमाने मात्र पाहणाऱ्याला अर्धवट वाटत. नाक रंगलेले, शेपूट रंगलेली, मध्येच पंखाचा एक भाग कोरा राखाडी. पोट तर नेहमीच राखाडी. ज्या भागाचे छायाचित्र नाही, सामानाचे लेबल नाही, जाहिरात नाही, त्या भागाला ते रंग देत नसत. त्या हौशी मंडळींत यावरून त्यांची भरपूर थट्टा होई. कोणी विचारी, काका, रंग संपला का? ते उत्तर देत नसत. मला एकदा म्हणाले, "माहीत नाही, हेही रंगवावं लागतं, साहेब. नाहीतर लोकांना वाटतं सगळं माहीत आहे."

या नियमाला एक कारण घडले होते. आरंभीच्या काळात त्यांनी कधीच्या बंद पडलेल्या एका छोट्या कंपनीचे विमान रंगवले. शेपटीवरच्या सुकाणूचा रंग कोठेच सापडेना. त्यांनी झेंडूचा रंग दिला. शोभून दिसला, एवढेच कारण. रंगवताना हात घसरून त्यावर एक पांढरी रेघ जास्तीची पडली. तीही तशीच राहिली. पुढे काही वर्षांनी, दुसऱ्या एका विमानावरून वाद चालू असताना, एका तरुण गृहस्थांनी त्यांची चूक दाखवण्यासाठी एका छापील दिनदर्शिकेचे पान पुरावा म्हणून टाकले. पानावर जुन्या विमानाचे देखणे चित्र होते. सुकाणू झेंडूच्या रंगाचे होते. त्यावर ती जास्तीची पांढरी रेघही होती.

आमच्या भाडेकरूंनी दिनदर्शिका काढणाऱ्यांना कळवले की हा रंग मी मनाने दिला होता. उत्तर आले की या रंगाला इंटरनेटवर भरपूर आधार आहे.

"माझंच खोटं माझ्यासमोर साक्षीला उभं केलं," ते म्हणाले. हे सांगताना ते हसले नाहीत. मीही हसलो नाही. बनावट दस्तऐवज कसा जुना होत जातो आणि जुना झाल्यावर कसा मान्य होतो, हे मी खुर्चीवर बसून पाहिले आहे.

विमान उडवण्यात त्यांना रस नव्हता. रंगवून झाले की ते विमान आमच्या शहराच्या विमानतळाच्या, म्हणजे चिकलठाण्याच्या धावपट्टीवर उभे करीत, संगणकातल्याच, आणि त्याच्याभोवती हळूहळू फिरत. वादळ नाही, वेग नाही. माझ्या पत्नीच्या मते हे म्हणजे नवे जोडे घेऊन ते कपाटात ठेवण्यासारखे होते.

चिकलठाणाच का, हे मला आक्का आल्यावर कळले.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. पैठणला मुलाकडे राहत आणि डोळे दाखवायला एसटीने आमच्याकडे येत. काचबिंदू होता. नजर चहूबाजूंनी आत येत चालली होती. नळीतून पाहावे तसे त्या जगाकडे पाहत. बोलणे मात्र रुंद होते. आल्या की अर्धा दिवस आमच्याच दिवाणखान्यात असत, कारण भावाची खोली पाहून त्यांना जीव घाबरल्यासारखे होई. "बापू," त्या भावाला म्हणत, "मला तसंच कमी दिसतंय, त्यात तू अजून अंधार करून ठिवलास."

त्यांचे वडील टांगे रंगवीत. फुले, मासे, मोर, राघू. निजामाच्या अखेरच्या काळात की त्यानंतर लगेच, हे आक्कांना नक्की सांगता येत नसे, ते काही दिवस चिकलठाण्याच्या विमानतळावर कामाला होते. धावपट्टीच्या कडेच्या दगडांना चुना लावायचे काम. त्या दिवसांत हैदराबादच्या विमान कंपनीची डकोटा जातीची विमाने इकडे येत. आणि आक्कांचे म्हणणे असे की आबांनी, म्हणजे वडिलांनी, अशा एका विमानावर राघू काढला होता. वैमानिकाने टांग्यावरचा राघू पाहिला, त्याला तो आवडला, आणि त्याने आबांना शिडीवर चढवले.

त्या विमानाचे एकच छायाचित्र उपलब्ध आहे. काळे-पांढरे, डाव्या बाजूने घेतलेले. दार डावीकडे होते, म्हणून शेरवान्या घातलेली मोठी माणसे डावीकडे उभी राहिली, आणि म्हणून छायाचित्रकारही डावीकडेच उभा राहिला. पट्ट्याचा रंग सामानाला बांधायच्या एका जुन्या लेबलावरून समजला. डावी बाजू आमच्या भाडेकरूंनी इतकी चोख रंगवली होती की तशी दुसऱ्या कोणी रंगवलेली नाही, असे त्यांची थट्टा करणारेही मान्य करीत. उजवी बाजू नाकापासून शेपटीपर्यंत राखाडी होती. राघू असलाच, तर उजवीकडे.

आक्कांची एकच इच्छा होती. डोळे आहेत तोवर ते विमान एकदा पुरे बघायचे. आबांच्या राघूसकट. भाऊ नाही म्हणत होता.

मी त्यांना म्हणालो की न्यायालयात एका विश्वसनीय साक्षीदाराच्या तोंडी पुराव्यावरही निकाल होऊ शकतो. ते म्हणाले, "तुमच्या कोर्टात समोर वकील असतो, साहेब. आक्काची उलटतपासणी कोण घेणार? मी घेतली तर ती रडेल. नाहीतर मारेल."

मी घेईन, असे मी म्हणालो.

त्यांनी होकार दिला, पण गेले नाहीत.  मग म्हणाले, "आबा गेले तेव्हा मी आईच्या मांडीवर होतो. मला ते आठवत नाहीत. फोटोही नाही. माझ्याकडं जेवढे आबा आहेत तेवढे आक्काच्या तोंडचे. त्यात मी माझ्या मनानं एक रेघ जरी ओढली, तर उद्या मलाच कळणार नाही कुठले आबा खरे. झेंडूच्या बाबतीत निदान मला माहीत तरी होतं."

पुढच्या खेपेला आक्का आल्या तेव्हा उलटतपासणी झाली. स्थळ आमचा दिवाणखाना. माझी पत्नी चहा घेऊन उभी होती आणि या सगळ्या प्रकाराबद्दलची नाराजी तिने लपवली नव्हती. आक्का कोचावर मांडी घालून बसल्या.

"तुम्ही जज होतात म्हणं. मग विचारा. पर च्या होऊ द्या आधी."

चहा झाला. विमान आले तेव्हा तुम्ही कोठे उभ्या होता, असे मी विचारले.

"तारेच्या पल्याड. आम्हाला आत कोण सोडतंय? मोठी लोकं त्या अंगाला, दाराकडं. आम्ही ह्या अंगाला. मी, आई अन् आमची शेळी."

भाऊ किंचित पुढे सरकला. दाराची बाजू आणि तारेच्या कुंपणाची बाजू वेगवेगळ्या, हे उत्तर त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. राघू कोठे होता?

"दुसऱ्या खिडकीखाली. तिथं नवा पत्रा मारला होता. त्यो झाकायला."

पत्रा नवा होता हे कशावरून?

"चकाकत होता की. बाकीचं इमान मळलेलं."

राघूचे तोंड कोणत्या दिशेला होते?

"ते नाय ध्यानात."

उत्तर मला आवडले. जो साक्षीदार सगळेच सांगतो, त्याच्याविषयी मी सावध असे. मग मी, जो प्रश्न कोणत्याही वकिलाने विचारला असता, तो विचारला. विमानाला पंखे किती होते?

"चार," आक्का म्हणाल्या.

डकोटाला दोन असतात. हे मला त्या आठवड्यात समजले होते. भावाला आयुष्यभर माहीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि ते गॅलरीत निघून गेले.

"का? चुकलं का काय माझं?"

 साक्षीदाराला उत्तर सांगण्याची माझी रीत नाही. माझ्या पत्नीला अशी कोणतीच रीत नाही. तिने सांगून टाकले की आक्का, दोनच असतात.

आक्का म्हणाल्या, "असतील. मी पंख्याकडं कशाला बघू, बाई? माझा बाप शिडीवर होता."

हे वाक्य गॅलरीत ऐकू गेले की नाही, मला ठाऊक नाही. संध्याकाळी ते खाली आले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की ही साक्ष तुम्ही ग्राह्य धरली असती का. केवळ तिच्या आधारावर निकाल दिला नसता, असे मी सांगितले. त्यांनी मान हलवली. आपल्याच बहिणीविरुद्ध लागलेला निकाल त्यांनी तक्रार न करता स्वीकारला, हे मी तेव्हा नोंदवून ठेवले.

त्यानंतर काही महिन्यांनी डॉक्टरांनी आक्कांना सांगितले की राहिलेली नजर फार टिकणार नाही. त्या दिवशी जिना उतरताना आक्का भावाला काही म्हणाल्या नाहीत. नेहमी म्हणत, बापू, दाखव की रे. त्या दिवशी म्हणाल्या नाहीत. मला वाटते, त्याचाच परिणाम झाला.

ते शहरभर हिंडू लागले. टांगे आता कोठे आहेत? तरी शहागंजाच्या मागे एका भंगारवाल्याकडे त्यांना जुन्या टांग्याच्या दोन फळ्या मिळाल्या. एकीवर राघू होता. आबांचा असेलच असे नाही. पण त्या काळचा, त्या हाताच्या पद्धतीचा. तो समोर ठेवून त्यांनी विमानाच्या उजव्या बाजूला, दुसऱ्या खिडकीखाली, राघू काढला. मी तो पाहिला. चोच लाल, गळ्यात काळी कंठी, पंखांवर पिसांच्या बारीक रेघा. माणसाला रंगांची एवढी ओढ असताना तो इतकी वर्षे राखाडीत कसा राहिला, असा प्रश्न मला पडला. 

आक्का आल्या. त्यांना वर नेले. मी आणि माझी पत्नीही गेलो. आक्कांना संपूर्ण विमान एकदम दिसणे शक्य नव्हते, म्हणून त्यांना पडद्यासमोर बसवून भावाने विमानच हळूहळू सरकवले. आधी नाक, मग पुढची राखाडी बाजू, मग पहिली खिडकी. मग राघू. तेथे ते थांबले.

आक्का पुढे वाकल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. माझी पत्नी डोळे पुसू लागली, कारण शेवट तिला ठाऊक होता. आम्हा सगळ्यांनाच तो ठाऊक होता, असे आम्हाला वाटत होते.

"नाय रे, बापू," आक्का म्हणाल्या. "ह्यो आबाचा न्हाय."

भावाने विचारले, काय चुकलं? मान? शेपूट?

"ते मला नाय सांगता यायचं. पर ह्यो न्हाय. हिरवा बी ह्यो न्हाय." मग त्यांचा हात चाचपडत भावाच्या गुडघ्यावर आला. "चांगला काढलास. लई चांगला हाय. पर दुसऱ्याचा हाय."

आम्ही खाली आलो. माझी पत्नी आक्कांवर रागावली होती. एवढ्या कष्टाने काढलेला राघू. हो म्हटले असते तर काय बिघडले असते? माझ्या मनात दुसरेच काही चालले होते, पण ते मला नीट मांडता येत नव्हते. सकाळी आमच्या भाडेकरूंनीच ते मांडले. चेहरा जागरणाचा होता, पण आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता इतका हलका होता.

"साहेब, आक्कानं तो राघू पाहिलाय."

मी म्हणालो, पंखे चार सांगितले होते.

"ते चुकलं. पण बघा ना, तिला कालचा राघू किती हवा होता. गोष्ट रचलेली असती तर तिला कुठलाही राघू चालला असता. तिला चालला नाही. म्हणजे तिच्याकडं एक दुसरा आहे, ज्याच्याशी ती ताडून बघतेय."

मी विचार केला. युक्तिवादात खोट सापडली नाही. तसे मी त्यांना सांगितले.

मग त्यांनी कारखान्यातली रीत लावली. रंगकामाच्या विभागात नव्या माणसाचा डोळा पारखायचा असेल तर त्याच्यापुढे एकाच रंगाच्या जवळजवळच्या छटांची कार्डे पसरतात. क्रमांक मागच्या बाजूला असतात. सांगितलेली छटा तो उचलतो. दुसऱ्या दिवशी कार्डे पिसून पुन्हा तेच. ज्याच्या हाताला पुन्हा तेच कार्ड येते, त्याच्या डोळ्यावर विश्वास ठेवतात. आक्कांना त्यांनी उत्तरेच्या, थेट ऊन न येणाऱ्या गॅलरीत बसवले आणि हिरव्या छटांची कार्डे एकेक करून त्यांच्या त्या नळीएवढ्या नजरेसमोर धरली. आबांचा हिरवा कोणता? आक्का एकेक झिडकारत गेल्या. हा चिंचेचा पाला. हा शेवाळ. हा पोलिसाच्या गाडीचा, काढ तिकडं. मग एका कार्डावर त्या थांबल्या. पिवळटाकडे झुकणारा, हरभऱ्याच्या कोवळ्या घाट्यासारखा हिरवा.

दुसऱ्या दिवशी कार्डे पिसून पुन्हा धरली. आक्का कंटाळल्या होत्या आणि पैठणची गाडी चुकेल म्हणून कुरकुरत होत्या. तरी थांबल्या त्याच कार्डावर. भावाने ते उलटून क्रमांक पाहिला आणि माझ्यापुढे धरला. 

राघू त्यांनी पुसून टाकला. तो सुंदर राघू पुसताना मी तेथे होतो. हात थांबला नाही. त्याच्या जागी, दुसऱ्या खिडकीखाली, राखाडीवर त्यांनी त्या हिरव्याचा एक ठिपका ठेवला, तळहाताएवढा. आकार नाही, चोच नाही. आकाराची साक्ष मिळाली नव्हती; रंगाची मिळाली होती.

आक्का पुन्हा आल्या तेव्हा नजर जवळजवळ गेली होती. विमान पुन्हा सरकवले. हिरव्यावर थांबले. आक्कांना ते कितपत दिसले, सांगता येत नाही. त्यांनी बोट लावून विचारले, इथं का? भाऊ म्हणाला, इथंच. "व्हय," त्या म्हणाल्या, आणि बोट तेथेच ठेवून बसून राहिल्या. माझ्या पत्नीने चहासाठी हाक मारली तरी उठल्या नाहीत.

ते विमान त्यांनी सामाईक जागी ठेवले. लोकांनी विचारले, हा डाग कसला? एका गृहस्थांनी ती चूक समजून दुरुस्त केली, डावी बाजू उलटी करून उजवीला लावली आणि ते विमान आपल्या नावाने ठेवले. तेच आता जास्त लोक वापरतात. आमच्या भाडेकरूंना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, त्याचं विमान पुरं दिसतं, लोकांना पुरं लागतं.

आक्कांची नजर गेल्यावर ते खोली सोडून पैठणला गेले. तेव्हापासून वरची खोली रिकामी आहे. माझी पत्नी तिला आता पांढरा रंग द्यायला सांगते. मी अजून रंगारी बोलावलेला नाही.

त्यांचे विमान अजून त्या जागी आहे. ते मी कधीकधी काढून पाहतो, उजव्या बाजूने. त्याच्याखाली त्यांनी लिहिलेली टीप आहे. मी आयुष्यभर निकाल लिहिले. इतके मोजके आणि इतके प्रामाणिक वाक्य माझ्या हातून लिहिले गेल्याचे मला आठवत नाही.

"उजवी बाजू अज्ञात. दुसऱ्या खिडकीखाली हा हिरवा होता. कशाचा, ते तारेपलीकडून पाहणारीला माहीत आहे."